देवाचे दार आणि राज्याचा हात

धर्म आणि राज्य यांची फारकत असावी, हे तत्त्व सुशिक्षितांच्या संभाषणात सहज मान्य होते. परंतु फारकत म्हणजे राज्याने देवळाच्या उंबरठ्याशी थबकावे, की आतील अन्यायाचीही दाद घ्यावी, ह्याविषयी विचारांचा गोंधळ फार. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस मज्जाव होता, त्याविरुद्ध विद्या बाळ व निलिमा वर्तक यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहितयाचिका हा गोंधळ पुष्कळ अंशी निवारते, असे आमचे मत आहे.

ह्या याचिकेचा मोठा गुण म्हणजे तिचा संयम. शनिदेव कोपतो किंवा नाही, हा प्रश्न तिने न्यायासनापुढे नेलाच नाही. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशासंबंधीचा १९५६ चा कायदा राज्यानेच केलेला आहे. तो राज्याने पाळावा व पाळवावा, एवढेच तिचे मागणे. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तेच कर्तव्य सरकारास बजाविले.

बिलोली-देगलूरकडील वाचकांस ह्यातील मर्म विशेष जाणवावे. निजामी अमलात धर्मव्यवहारासाठी सरकारचे स्वतंत्र खाते होते, आणि देऊळ बांधावयाचे वा त्याची डागडुजी करावयाची तर सरकारी परवानगीचा प्रश्न उभा राही; १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहामागील तक्रारींत ही एक होती. राज्याचा हात तेव्हाही देवळापर्यंत पोचत होता, पण तो राज्यकर्त्याच्या मर्जीचा होता. विद्याताईंनी मागितला तो हात कायद्याचा, आणि ज्या नागरिकास दारातच अडविले तिच्यासाठी.

तथापि ह्या युक्तिवादास एक मर्यादा आहे. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याचा निकाल देताना न्यायालयास राज्यघटनेतील समतेचा आधार घ्यावा लागला. शिवाय स्त्रियांस मज्जाव करणे हे इस्लामचे अविभाज्य अंग आहे काय, हेही तपासावे लागले. निकाल योग्यच झाला. परंतु न्यायाधीशाने धर्मशास्त्र्याचे आसन घेणे हे फारकतीच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हे नाकारता येत नाही. सर्व धर्मांच्या सार्वजनिक स्थानांस एकच नागरी नियम लागू झाला, तर ही अडचण बरीच कमी होईल.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी चौथऱ्याकडे निघालेल्या स्त्रियांना गावकऱ्यांनी अडविले. पुढे ८ एप्रिलला, गुढीपाडव्यास, काही पुरुषांनी विश्वस्तांची बंदी मोडून चौथऱ्यावर जलाभिषेक केला. तेव्हा कोठे विश्वस्तांनी तो सर्वांस खुला केला. म्हणजे पुरुषांस वगळण्याची पाळी आली, तेव्हा बंदी टिकेना! जी बंदी केवळ स्त्रियांवर असता परंपरा म्हणून पूज्य वाटते आणि पुरुषांवर येताच असह्य होते, तिचा श्रद्धेशी संबंध किती, हे वाचकांनीच ठरवावे. न्यायालय कायद्याचा अर्थ सांगू शकते. हा विचार मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.