फिशर श्रेणी आणि सीटी स्कॅनवरील भाकीत : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मेंदूतील रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजेच एन्युरिझम, फुटल्यास रक्त मेंदूच्या आवरणाखालील पोकळीत पसरते व सीटी स्कॅनवर पांढरे दिसते. रुग्ण वाचेल काय, पूर्ववत होईल काय, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रतिमेत शोधले जाणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पुष्कळदा फिशर श्रेणीचा आधार घेतला जातो. ही श्रेणी मुळात कोणत्या प्रश्नासाठी निर्माण झाली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

श्रेणीचे स्वरूप :
सन १९८० मध्ये फिशर, किस्टलर व डेव्हिस यांनी ४७ रुग्णांच्या अभ्यासावरून ती मांडली. रक्त न दिसल्यास पहिली, पातळ व सर्वत्र पसरलेले असल्यास दुसरी, गुठळी अथवा १ मिलिमीटर वा अधिक जाडीचा थर असल्यास तिसरी आणि रक्त प्रामुख्याने मेंदूच्या ऊतीत वा आतील द्रवाच्या पोकळ्यांत असल्यास चौथी श्रेणी. तिसऱ्या श्रेणीतील २४ पैकी २३ रुग्णांत रक्तवाहिन्यांचे तीव्र आकुंचन, म्हणजे व्हॅसोस्पाझम, आढळले. पहिल्या दोन श्रेणींत मिळून १८ पैकी केवळ एकात. हे भाकीत आकुंचनाचे होते. मृत्यू व अपंगत्व यांचे भाकीत करण्यासाठी ही मांडणी नव्हती.

मर्यादा :
पहिली मर्यादा क्रमाची आहे. चौथ्या श्रेणीत आकुंचनाचा धोका तिसरीपेक्षा कमी ठरतो. अर्थात अंक वाढतो, धोका वाढत नाही. जाड थर आणि पोकळ्यांतील रक्त दोन्ही असलेल्या रुग्णाचे स्थानही संदिग्ध राहते. फ्रॉन्टेरा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या दोन्ही बाबी एकत्र विचारात घेऊन सुधारित श्रेणी दिली. क्रम सुसंगत झाला. मूळ प्रश्न तोच राहिला.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. क्लाझोसेंटान या औषधाने आकुंचन स्पष्टपणे घटले, तथापि २००८ व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रुग्णांच्या अंतिम स्थितीत त्या प्रमाणात सुधारणा दिसली नाही. उलटपक्षी, निमोडिपिनचा लाभ आकुंचनातील घटीने पुरेसा स्पष्ट होत नाही. तेव्हा आकुंचन व अंतिम परिणाम यांना समानार्थी मानणे तर्कदुष्ट आहे.

अंतिम परिणामाच्या संदर्भात दाखल होतेवेळची शुद्धी व वय यांना मोठे महत्त्व आहे. मज्जाशल्यचिकित्सक संघटनांच्या जागतिक महासंघाची १९८८ ची श्रेणी मुख्यतः शुद्धीवर आधारित आहे. २०१८ च्या साहित प्रतिमानाच्या मूळ रूपात वय, पूर्वीचा उच्च रक्तदाब व ही श्रेणी एवढेच घटक असून, सीटीवरील रक्ताचे प्रमाण विस्तारित रूपात येते.

निष्कर्ष :
सीटी स्कॅनचे मूल्य यामुळे कमी होत नाही. कोणत्या रुग्णावर पुढील दोन आठवडे विशेष लक्ष ठेवावे, हे ठरविण्यास त्यावरील रक्ताची जाडी उपयुक्त आहे. धोका आहे तो एका अंकाला अंतिम निर्णय समजण्याचा. 'श्रेणी चार' ऐकून उपचार आखडते घेतले गेले, तर रुग्ण दगावतो आणि भाकीत खरे ठरल्याचा भास होतो. त्याच नोंदी पुढील अभ्यासाची सामग्री बनतात. म्हणून कोणतीही श्रेणी उद्धृत करताना ती कशाचे भाकीत करते आणि स्कॅन कितव्या दिवशीचा आहे, हे सांगणे संशोधक व चिकित्सक दोघांनाही बंधनकारक असावे.