अध्याहृत अर्थ आणि टीकाकार

देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही पुष्ट आहे, असे कोणी सांगितले की तो रात्री जेवत असला पाहिजे हे न सांगता कळते. मीमांसकांनी यास अर्थापत्ति म्हटले. कुमारिलभट्टांच्या मते तर न उच्चारलेले ते वाक्यच तेथे अध्याहृत धरावे लागते. मठांत वा देवळांत शास्त्रश्रवण केलेल्या आमच्या वाचकांस हे नवे नाही. परंतु यहुदी पंडितांनी हीच रीत आपल्या धर्मग्रंथास किती बारकाईने लावली, याची ओळख आपल्याकडे थोडी आहे.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात काइन आपला भाऊ हाबेल यास काही बोलला असे येते आणि लगेच दोघे शेतात असताना काइनाने त्यास मारल्याचे येते. तो काय बोलला हे रूढ हिब्रू पाठात नाहीच. प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे शेतात जाण्याविषयीचे एक वाक्य आढळते. मिद्राश नावाच्या प्राचीन व्याख्यानग्रंथांस एवढ्याने समाधान नाही. त्यांच्या एका मताप्रमाणे दोघा भावांनी जग वाटून घेतले: एकास जमीन, दुसऱ्यास जंगम वस्तू. मग एक म्हणू लागला, तू उभा आहेस ती जमीन माझी. दुसरा म्हणू लागला, तुझ्या अंगावरचे वस्त्र माझे. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कोणासही हा अध्याहार परका वाटणार नाही!

दुसरे स्थळ अधिक हृद्य आहे. ईश्वर अब्राहामास पुत्राचा बळी मागतो. तेथे 'इसहाक' एवढे नाव पुरे असता पुत्र, एकुलता, लाडका, इसहाक असे चार शब्द एकापाठोपाठ का यावे? फ्रान्समधील त्र्वा नगरचे भाष्यकार राशी (१०४०–११०५) जुन्या आधाराने सांगतात की येथे अर्धा संवाद गाळलेला आहे. पुत्र म्हणताच पिता म्हणतो, मला दोन आहेत. एकुलता म्हणताच, दोघेही आपापल्या आईचे एकुलते आहेत. लाडका म्हणताच, माझे दोघांवरही प्रेम आहे. तेव्हा शेवटी नाव उच्चारावे लागते. मूळ वचनात पिता अवाक्षर काढीत नाही. भाष्य वाचल्यावर त्याची घालमेल ऐकू येते.

राशींचा ग्रंथ शिकविताना यहुदी गुरू शिष्यास प्रथम विचारतात: येथे राशींना अडचण कोणती पडली? अध्याहाराची खरी कसोटी हीच, असे आम्ही मानतो. वचनात काही उणे किंवा अधिक असेल तरच भरणी करावयाची. राशींनी हे नेहमीच पाळले असे नाही. त्यांचे नातू रश्बाम यांनी पुष्कळ ठिकाणी आजोबांना सोडून सरळ अर्थ धरला, आणि सवड मिळती तर आपण नवे भाष्य लिहिले असते असे आजोबांनी कबूल केल्याचे नमूदही केले.

हे वाचताना आम्हांस कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडची आठवण होते. तेथे टीकाचार्य जयतीर्थांचे वृंदावन म्हणून भाविक दर्शनास जातात. पर्तगाळी वा काशी मठाच्या शिष्यवर्गास त्यांची थोरवी सांगणे नको. मध्वाचार्यांची वाणी अतिशय आटोपशीर. कोणता शब्द कोणत्या शंकेचे उत्तर आहे हे 'न्यायसुधा' आणि 'तत्त्वप्रकाशिका' उलगडून दाखवितात. आचार्यांचे ग्रंथ वाहणारा बैल पाठ ऐकत असे व तोच पुढे जयतीर्थ झाला, ही आख्यायिकाही आम्हांस अर्थपूर्ण वाटते: भार वाहणाऱ्यासच वजन कळते.

याउलट बीदरच्या राज्यात जन्मलेल्या दासोपंतांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. सातशे श्लोकांस विभागली तर एकेकास पावणेदोनशेहून अधिक. एवढ्या विस्तारात मूळ शंका कोणती होती याचा माग ठेवणे श्रोत्यास अवघड जाते. दासोपंतांची भक्ती व भाषावैभव यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण आजचे प्रवचनकार त्यांचा विस्तार तेवढा उचलतात, व्यासंग उचलीत नाहीत. श्लोक म्हटला की दृष्टांत, दृष्टांतावर कथा. श्लोकाने कोणती अडचण उभी केली हे तासाभरात एकदाही निघत नाही. श्रोता घरी उत्तरे घेऊन जातो, प्रश्नावाचून.

कोकणातील मराठीभाषी यहुद्यांनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापविली. तिच्या चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगड्यांत आहेत. या पोथीतही मिसरातील दास्याचे वचन शब्दाशब्दाने फोडले आहे: 'दुःख' म्हणजे पतिपत्नींची ताटातूट, 'कष्ट' म्हणजे नदीत टाकलेले मुलगे. परंतु हे विवरण सुरू होण्याआधी घरातील लहान मुलाने प्रश्न विचारावयाचा असतो. मूल नसेल तर पत्नीने विचारावयाचा. आणि मनुष्य एकटाच असेल तर त्याने तो स्वतःसच विचारावयाचा.