चौक, चेहरा आणि वेठ : शेतकरीचित्रणातील वास्तववादाचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'वास्तववाद' ही संज्ञा बहुधा तपशिलाच्या विपुलतेशी जोडली जाते. बोली, पेहराव, भांडीकुंडी यांचे चित्रण जितके नेमके, तितकी कलाकृती वास्तववादी, असे ग्रामीण साहित्याच्या चर्चेत गृहीत धरले जाते. सादृश्याची ही कसोटी मूलतः चित्रकलेला जवळची असल्याने तिची तपासणी चित्रांच्या आधारे करणे उचित ठरेल.

युक्रेनी चित्रकार मिकोला पिमोनेंको (१८६२-१९१२) याचे 'कापणीवाली' (१८८९) हे चित्र या कसोटीला पूर्णपणे उतरते. पिकलेल्या शेतात विळा घेऊन उभी असलेली तरुणी, तिची वस्त्रे, उन्हाचा रंग हे सारे प्रत्ययकारी आहे. रशियन साम्राज्यातील भूदासपद्धती १८६१ मध्ये संपली. जमिनीला बांधलेल्या माणसाला आता स्वतःचा चेहरा मिळतो, ही या वास्तववादाची नैतिक कमाई होय. मात्र हा चेहरा प्रेक्षकासाठी आहे. ती दिसावी म्हणून तिचे काम क्षणभर थांबते, आणि कापलेले धान्य कोणाच्या कोठारात जाणार, याविषयी चित्र मौन पाळते.

याउलट जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांच्या वारली चित्रांत चेहराच नाही. पूर्वी लग्नप्रसंगी स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहीत. १९७०च्या दशकापासून म्हसे यांनी हीच रेषा दैनंदिन जीवनाच्या चित्रणासाठी कागदावर व कापडावर आणली. टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. त्या त्रिकोणांच्या किंचित कलण्यावरून तो ओझे वाहतो आहे, आवणी करतो आहे की कांडतो आहे, हे कळते. शहापूर-मुरबाडकडील भातखाचरांत ज्याने राब, आवणी, कापणी, झोडणी हा क्रम पाहिला आहे, त्याला येथे सादृश्य नसूनही श्रमाचे नेमके ज्ञान आढळेल. येथे काम पाहणाऱ्यासाठी थांबत नाही. तेव्हा सादृश्याच्या कसोटीवर ज्याला 'अवास्तव' म्हणावे लागेल, ते चित्र श्रमाच्या बाबतीत अधिक वास्तवदर्शी ठरते.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे आदिवासी कलेचे सोयीस्कर गौरवीकरण होईल. लग्नाच्या चौकात पालघाट देवी आहे, झाडे आहेत, घोडे आहेत. लग्नासाठी घेतलेले कर्ज नाही. या कर्जापोटी नवरा जमीनदाराकडे बांधला जाई व त्याला 'लग्नगडी' म्हणत. चौकाच्या त्याच मंगल प्रसंगाची ही दुसरी बाजू आपल्यापर्यंत येते ती गद्यातून, प्रामुख्याने गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकातून. वाशिंदपासून दोन स्थानकांवरील टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान परिषद भरली. तेथे आलेले वारली परतले आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागात वेठ नाकारली गेली. चित्रात न उमटलेला संबंध येथे शब्दांत येतो, कारण तो मोडायला माणसे उभी राहिली होती.

अर्थात या गद्यालाही मर्यादा आहे. त्यात बोलणारा आवाज बाहेरून आलेल्या, सुशिक्षित कार्यकर्तीचा आहे. लग्नगड्याचे स्वतःचे निवेदन तिच्यामार्फतच आपल्याला भेटते. म्हणून चित्र की गद्य, अशी प्रतवारी लावणे व्यर्थ होय. पिमोनेंको व्यक्ती दाखवतो, म्हसे श्रम दाखवतात, परुळेकर सत्तासंबंध दाखवतात. आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी गाळले जाते.

वास्तववादाचे मूल्यमापन करताना तपशील किती, याऐवजी कोणाच्या स्थानावरून काय दिसले आणि काय गाळले गेले, हा प्रश्न अग्रक्रमाने विचारला पाहिजे. ग्रामीण आणि आदिवासी साहित्याच्या अभ्यासात बोलीच्या अस्सलपणाला आपण जे महत्त्व देतो, त्याचाही या प्रश्नाच्या प्रकाशात फेरविचार करावा लागेल. बोली अस्सल असूनही कर्जाचा कागद कथेबाहेर राहू शकतो.