लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या आवडीचा वाङ्मयप्रकार. दिवाळी अंक असो, एखाद्या मंडळाची स्मरणिका असो वा आमच्यासारख्या लहान समाजाचे त्रैमासिक असो, परदेशाहून आलेला लेख त्यात बहुधा असतोच. अलीकडे अशा लेखांत सिंगापूरवरचे लेखन वरचेवर आमच्या वाचनात येते. ते स्वाभाविकही आहे. उच्च शिक्षणासाठी त्या बेटावर जाणारे युवक-युवती आता केवळ दादर-पार्ल्याचे राहिलेले नाहीत. कल्याण, डोंबिवली, शहाड येथील साध्या घरांतूनही ते जात आहेत. म्हणून या लेखनाचा वाङ्मय या नात्याने विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

हे लेख एकापाठोपाठ एक वाचले की त्यांचा साचा ध्यानात येतो. आरंभी चांगी विमानतळाची भव्यता, मग रस्त्यांची स्वच्छता, दंडाची धास्ती, १९९२ साली च्युइंगगमच्या आयातीवर आलेली बंदी, पुढे ‘लिटिल इंडिया’तील डोसा, आणि शेवटी चिनी, मलय व भारतीय कसे गुण्यागोविंदाने नांदतात याचे कौतुक. भाषा सफाईदार असते, निरीक्षणही खोटे नसते. तरी लेख संपल्यावर एकही माणूस मनात राहत नाही. चार वर्षे राहिलेल्याचा लेख आणि चार दिवस फिरून आलेल्याचा लेख यांत भेद करता येऊ नये, हे या लेखनाचे मुख्य वैगुण्य होय.

पर्यटकाचे लेखन कमी प्रतीचे असते, असे आम्हांस सुचवायचे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंगा’ने मराठी वाचकाला पूर्वेकडील देशांची गोडी लावली. तो प्रवाशाचा आनंद आहे आणि प्रवाशाचा म्हणूनच तो खरा आहे. विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. तो पाहुणा नव्हे आणि पुरता रहिवासीही नव्हे. त्याला भाडे भरावे लागते, शेजाऱ्याशी जुळवून घ्यावे लागते, आजारपणात एकट्याने पडून राहावे लागते. एवढे जगलेल्या माणसाने पर्यटकाची लेखणी उसनी का घ्यावी?

या बाबतीत आमच्यापुढे एक जुना आदर्श आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. त्या काळात त्यांनी बालशिक्षणाच्या पद्धतीचाही अभ्यास केला. १८८९ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव आहे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम पाहण्यासारखा आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांचे त्या मनापासून कौतुक करतात. पण मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाकडे डोळेझाक करीत नाहीत. ज्या देशाने आपले आदराने स्वागत केले त्याचे गुण मोकळेपणाने गावेत आणि त्याचे दोषही स्पष्ट सांगावेत, हे धैर्य त्या ग्रंथाला टिकाऊ करते.

हाच निकष सिंगापूरच्या लेखनाला लावून पाहू. तेथील वंश आणि धर्म शेजारी-शेजारी नांदतात, हे खरे. पण हा सलोखा आपोआप उगवलेला नाही. १९६४ साली तेथे वांशिक दंगली झाल्या होत्या. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राने तो धडा गिरवला आणि १९८९ पासून सरकारी वसाहतींच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा कायम केली. म्हणजे आमचा लेखक ज्याला सहज स्नेह समजतो, त्यामागे शासनाचा हिशेब आहे. तो चांगला की वाईट, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु तो दिसलाच नाही, तर लेखक तेथे राहून काय शिकला?

तसेच मजुरांचे. ज्या इमारतींची छायाचित्रे लेखासोबत छापली जातात, त्या बांधणाऱ्यांत तमिळनाडू आणि बांगलादेश येथून गेलेले असंख्य कामगार आहेत. ८ डिसेंबर २०१३ रोजी एका भारतीय मजुराचा बसखाली मृत्यू झाल्यानंतर ‘लिटिल इंडिया’त दंगल उसळली. २०२० मध्ये कोविडची साथ सर्वाधिक पसरली ती या मजुरांच्या दाटीवाटीच्या निवासांत. डोशाचे वर्णन करणाऱ्या लेखणीला त्याच रस्त्यावर रविवारी जमणारे हे देशबांधव दिसू नयेत, याचे आम्हांस वाईट वाटते.

आणि स्वतःविषयी तरी हे लेखक कितीसे बोलतात? तेथे पदवी शिक्षणाच्या शुल्कात सरकारी अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर तीन वर्षे सिंगापूरच्या आस्थापनेत नोकरी करण्याचा करार करावा लागतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अशा कागदावर सही करताना मुलाच्या मनात काय येते आणि इकडे आईवडिलांच्या मनात काय येते, यावर एक सबंध कादंबरी उभी राहावी. आमच्या वाचनात त्यावर एक परिच्छेदही आलेला नाही.

भाषेचा प्रश्न तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचा. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या तेथील चार राजभाषा. शाळेत मातृभाषेच्या जागी भारतीय वंशाच्या मुलांना तमिळखेरीज हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती किंवा उर्दू घेता येते. मराठीला त्या यादीत स्थान नाही. मराठी तेथे जगते ती घरात आणि महाराष्ट्र मंडळात. मंडळाचे ‘ऋतुगंध’ हे नियतकालिक आणि २०११ साली महेश एलकुंचवार यांच्या अध्यक्षतेखाली तेथे झालेले विश्व मराठी साहित्य संमेलन ही त्या जिद्दीची साक्ष होय. तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु गणेशोत्सव आणि कोजागरी यांपलीकडे जाऊन शेजारच्या मलय आजीची किंवा चिनी सहाध्यायाची ओळख मराठीत करून देणे, हेही त्या भाषेला जगवणेच आहे.

शहाडच्या मुलांकडून आमची अपेक्षा अधिक आहे, कारण बहुरंगी समाज त्यांना नवा नाही. सेंच्युरी रेयॉनच्या परिसरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे स्थिरावली. पलीकडे उल्हासनगरात फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेला सिंधी समाज आहे. भोवती मूळचे आगरी-कोळी आहेत. आणि केरळीय ख्रिस्ती बांधवांची वस्ती एवढी की १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाचे धर्मप्रांतपीठ कल्याणच्या नावे स्थापन झाले. एकाच नळावर चार भाषांतली भांडणे ऐकत वाढलेल्या मुलाला सिंगापुरातील विविधतेचे नुसते आश्चर्य वाटावे, यापेक्षा त्याने दोन्हींची तुलना करावी, हे अधिक फलदायी ठरेल. तेथे नियमाने साधलेले येथे सवयीने कसे साधते, आणि कोठे साधत नाही, हे त्याच्याइतके कोणास सांगता येईल?

मराठीला परक्याच्या डोळ्यांचे ऋण ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रजाने येथील लोकांची भाषा शिकून ‘ख्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ मध्ये छापले गेले. परक्या मुलखात आधी कान द्यावा आणि मग बोलावे, हा त्यांच्या उदाहरणाचा अर्थ. आमच्या युवक-युवतींनी तो मनावर घ्यावा. इमारतींची उंची कोणीही मोजील. शेजाऱ्याचे नाव मात्र तेथे राहिलेल्यानेच सांगावयाचे असते.