‘एकच प्याला’ आणि तिसरी रात्र

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. सुधाकराचा नाश दारूनें केला कीं त्याच्या मानी स्वभावानें, हा वाद तेव्हांपासून रंगला आहे. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एका साक्षीदारास कधींच पुढें बोलावलें नाहीं. तो म्हणजे सुधाकराचें शरीर.

सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, नोकरीसाठीं दारोदार फिरतो, जनांच्या तिरस्कारानें खचतो व पुन्हां प्याल्याकडे वळतो. शपथ आणि हा प्याला यांच्या मधल्या दिवसांत त्याच्या देहावर काय गुदरलें, याविषयीं नाटककार मूक आहे.

खंडाळ्यास आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें आहे. घाटमाथ्यावरील एका बंगल्यांत मुंबईचें एक कुटुंब घरच्या कर्त्या पुरुषास हवापालटासाठीं घेऊन आलें होतें. हेतु निर्मळ होता: गुत्ता दूर, मित्र दूर, बाटली कुलुपांत. तिसऱ्या रात्रीं ते गृहस्थ भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत असें म्हणत पंच्यानें भिंत झाडूं लागले. अंग घामानें थबथबलेलें, हात थरथरत असलेले. घरच्यांस वाटलें, चोरून प्याले. वस्तुतः तो न पिण्याचा परिणाम होता! वर्षानुवर्षें दारूच्या गुंगीशीं झगडून मेंदू अष्टौप्रहर ताणलेला राहतो. गुंगी एकाएकीं काढून घेतली कीं तो ताण मोकाट सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके, दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं भ्रम, आणि उपचार न झाल्यास मृत्यूहि. म्हणून दारू सोडवितांना डॉक्टरच्या नजरेखालीं शामक औषध उतरत्या प्रमाणांत द्यावें लागतें.

लोणावळ्याहून आलेल्या डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट केली. साखरेचें सलाईन लावण्यापूर्वीं त्यांनीं ब-१ जीवनसत्त्वाचें इंजेक्शन दिलें. हा क्रम क्षुल्लक नव्हे. अट्टल मद्यप्याच्या अंगीं हें जीवनसत्त्व आधींच आटलेलें असतें. त्यांत नुसती साखर गेली तर उरलेंसुरलें खर्चीं पडून उपचारच घातक ठरूं शकतो. नजर स्थिर राहत नाहीं, पाय लटपटतात, बुद्धि गोंधळते. वेर्निके यांनीं १८८१ सालीं वर्णिलेला हाच तो विकार. लटपटणें पाहून लोक म्हणतात, प्यालेला आहे. आणि औषधाची वेळ निघून जाते. मग माणूस वांचला तरी नवी आठवण त्याच्या मनांत टिकेनाशी होते, व रिकाम्या जागा तो कल्पित हकीकतींनीं भरूं लागतो.

तळीरामाच्या आजारांत डॉक्टर व वैद्य यांचें जें भांडण गडकऱ्यांनीं रंगविलें आहे, त्यास आम्हीहि पोट धरून हंसलों आहों. परंतु ती रात्र पाहिल्यावर तें हंसें घशांत अडकतें. रोगी निजलेला, आणि उशाशीं कोट्यांची आतषबाजी! नाटककार विषयाच्या उंबरठ्यावर येऊन येथें परत फिरला. अर्थात् दोष त्याचा नव्हे. ब-१ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत हातीं आलें तें १९२६ सालीं. उलट, दारू सोडण्याची खरी वेळ पहिल्या प्याल्याच्या आधींचीच, असें सुधाकराच्या तोंडून वदवितांना गडकऱ्यांनीं जें ओळखलें होतें, तें त्यांच्या कित्येक टीकाकारांनीं ओळखलें नाहीं. सुधाकराचें पुन्हां पिणें हा कथानकाचा सांधा निखळला म्हणून दाखविणाऱ्यांनीं असली एक रात्र रोग्याच्या उशाशीं काढावी.

गणपतराव बोडसांपासून पुढें सुधाकर रंगविणाऱ्या नटांनीं झोकांड्यांचा अभ्यास पुष्कळ केला. शपथेनंतरच्या प्रवेशांत, तो शुद्धीवर असतांना, त्याचा हात थरथरतांना मात्र आम्हीं अद्यापि पाहिला नाहीं.