चाल उसनी, झगडा नवा
सॉफ्टवेअरच्या भांडणावरील विनोदी गाणी : एक वाचन

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आंबीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या एकाच संगणकावर दोन जगे नांदू शकतात. एक विंडोजचे. ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. त्याची संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, गिऱ्हाइकाला दिसत नाही की बदलता येत नाही. दुसरे लिनक्सचे. त्याची संहिता कुणीही वाचावी, दुरुस्त करावी, पुढे वाटावी. या दोन जगांचा वाद कायद्याच्या आणि अर्थकारणाच्या अंगाने आपण ऐकलेला असतो. त्याच वादावर प्रोग्रामर मंडळींनी गाणीही रचली आणि त्यांतली पुष्कळशी विनोदी आहेत. ती गाणी म्हणून कशी आहेत, हे येथे पाहायचे आहे.

त्यासाठी लागणारे माप मराठीत तयार आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्यावर एकाने भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो उकलून उलट सवाल करायचा. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रात्ररात्र रंगतात. या फडाचा एक अलिखित नियम आहे. प्रतिपक्षाचे शास्त्र ज्याला ठाऊक नाही, त्याचा सवाल लंगडा पडतो. नुसती शिवी दिली तर श्रोते हसतात. पण रात्र ज्याच्या नावावर लागते, तो समोरच्याची बाजू त्याच्याहून नीट जाणणारा असतो.

आता पहिले गाणे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. पुढे त्यांनीच चळवळीसाठी एक गीत रचले, ‘सादी मोमा’ या बल्गेरियन लोकगीताच्या चालीवर. चाल सात मात्रांची आहे. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानाला ती परकी वाटणार नाही. आशय साधा : या, सॉफ्टवेअर वाटून घ्या, साठेबाजाला पैसा मिळेल, पण शेजाऱ्याला मदत करता येणार नाही. ‘रेव्होल्यूशन ओएस’ या २००१ च्या माहितीपटाच्या शेवटी एका बँडने ते जोशात वाजवले आहे. गंमत अशी, की हे गीत मुळात विनोदी नाहीच. परवान्यांसारख्या रुक्ष विषयावर इतक्या गंभीरपणे लोकगीत गायले जाते, यातूनच हसू येते. कलगी-तुऱ्याच्या मापाने ते सवाल नसून आरती आहे. जमलेले सारे आधीच भक्त आहेत आणि प्रतिपक्ष मंडपातच नाही.

स्टॉलमन यांना विनोदाचे अंग नाही, असे मात्र नव्हे. अंगात झगा आणि डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी प्रभावळीसारखी लावून ते ‘संत इग्न्युशियस’ होतात आणि स्वतःच्याच ‘ईमॅक्स’ या संपादकाचा पंथ चालवतात. ‘व्हीआय’ हा प्रतिस्पर्धी संपादक. त्याचे नाव तीनदा लिहिले तर रोमन आकड्यांत ६-६-६ होते, म्हणजे बायबलमधल्या श्वापदाचा आकडा! येथे चळवळ स्वतःच्या कर्मठपणालाच हसते. म्हणून हे सोंग त्या गीतापेक्षा सरस उतरते.

खरा सवाल ऐकायचा तर ‘ओपनबीएसडी’कडे जावे लागते. या मुक्त संगणकप्रणालीने २००१ मधल्या ३.० आवृत्तीपासून आवृत्तीबरोबर गाणे देण्याची प्रथा पाडली. मे २००४ मधल्या ३.५ आवृत्तीचे गाणे नमुन्यादाखल घेऊ. जाळ्यातले एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने आपोआप त्याची जागा घ्यावी, यासाठी एक ठरलेली पद्धत होती. तिच्यावर सिस्को कंपनीने पेटंटचा हक्क सांगितला. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी स्वतःची वेगळी पद्धत लिहिली आणि तिला ‘कार्प’ हे नाव दिले. कार्प म्हणजे मासा. आपले रोहू-कटला त्याच कुळातले. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या एका प्रहसनात एक गृहस्थ पाळलेल्या माशाचा परवाना मागायला कचेरीत जातो. ओपनबीएसडीने तेच प्रहसन उचलले आणि खिडकीसमोरच्या माणसाला कार्पचा परवाना मागायला लावला. पेटंटची सारी गुंतागुंत एका श्लेषात मावली. खिडकीपलीकडचा कारकून कसा बोलतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला पेटंट म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी चालते. प्रतिपक्षाचे शास्त्र येथे नेमके ठाऊक आहे, म्हणून बाण लागतो.

याउलट कॅनडातल्या ‘थ्री डेड ट्रोल्स इन अ बॅगी’ या मंडळीचे गाणे. साऱ्याच संगणकप्रणाली टाकाऊ आहेत, असे ते हसतखेळत सांगते. ते लोकप्रिय झाले, कारण यंत्र अडकले की चिडणारा माणूस दोन्ही पक्षांत असतो. पण ‘दोघेही सारखेच’ ही विनोदातली सोपी वाट आहे. यंत्र नीट चालते का, एवढेच हे गाणे विचारते. ते कुणाच्या हुकमाने चालते, या प्रश्नाला ते हात लावत नाही.

दुसरा पक्ष काय गातो? तो गात नाही, गाणे विकत घेतो. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आले तेव्हा जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्सचे एक गाजलेले गाणे रीतसर पैसे मोजून घेतले गेले. एका फडाने लोकांची चाल उचलली, दुसऱ्याने मालकाची चाल परवान्याने घेतली. दोघांचे तत्त्वज्ञान शब्दांआधी चालीतच उघडे पडते. मात्र मुक्तवाल्यांचीही येथे गोची आहे. सी या संगणकभाषेची थोरवी सांगणारे त्यांच्यातले प्रसिद्ध विडंबन बीटल्सच्या ‘लेट इट बी’वर बेतलेले आहे आणि ती चाल काही गावकीची नाही.

मालकीवाल्यांचा जबाब गद्यात आहे आणि तो जुना आहे. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना विचारले होते, की तुम्ही आमचा प्रोग्राम फुकट उतरवून घेता, मग चांगले सॉफ्टवेअर पदरमोड करून लिहायचे कुणी? हा सवाल कच्चा नाही. मुक्तवाल्यांच्या विनोदी गाण्यांत मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती हीच : साठेबाजाची टर उडते, पण पोटाच्या प्रश्नाला पदातून जबाब मिळत नाही.

आपल्या शाहिराला हा प्रश्न पक्का ठाऊक होता. त्याच्या कवनांची हस्तलिखित वही, म्हणजे बाड, तो सहजासहजी कुणाला दाखवत नसे. भेदिकाचे उत्तर फुटले तर पुढच्या गावची बिदागी गेली. चाल मात्र साऱ्यांची असे. जुन्या पदसंग्रहांत आणि संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असे लिहून मूळ पदाचा उल्लेख करतात. उसने घेतल्याची ही उघड कबुली आहे. मुक्त परवाने तरी दुसरे काय मागतात? मूळ कर्त्याचे नाव ठेवा आणि पुढे वापरा. बाड बंद आणि चाल खुली, असा दुहेरी व्यवहार आपल्या परंपरेने चालवला. हे भांडण आपल्याला आयात करावे लागलेले नाही.

बंद बाडाचा धोका याच मावळाने सांगून ठेवला आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तेराव्या दिवशी तरली, ही श्रद्धा. संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवले होते म्हणून गाथा टिकली, ही परंपरा. त्या संताजींची समाधी मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. अनेक हातांत आणि अनेक मुखांत प्रती असतील तर नदीचे काही चालत नाही.

संगणकावरच्या मराठीने याचा उलटा अनुभव घेतला. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये अधिकृत झाले होते, तरी छपाईच्या जगात श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटची संकेतरचना आपापली राहिली. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की काना-मात्रांचा चिवडा होई. पुढे युनिकोड रुळले. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याने दिले. पण जुन्या फाँटमध्ये जुळवलेले दिवाळी अंक, कथा, प्रबंध आजही रूपांतराशिवाय वाचता येत नाहीत. लेख लेखकाचा, भाषा सर्वांची आणि किल्ली तिसऱ्याकडे : झगड्याच्या लावणीला याहून चांगला विषय कोणता?

ती रचणाऱ्याला एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. जुनी सोंगे आता तशी उरलेली नाहीत. लिनक्सला कर्करोग म्हणवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मुक्तवाल्यांचा मोठा अड्डा असलेले ‘गिटहब’ विकत घेण्याचे जाहीर केले. रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमच्या मालकीची झाली आणि २०२३ मध्ये तिनेच आपल्या मुख्य प्रणालीची संहिता सर्वांना मोकळेपणाने देणे आखडते घेतले. कलगीवाला तुऱ्याच्या मंडपात बसला आहे आणि तुरेवाल्याच्या बाडाला कुलूप लागले आहे. नुसत्या बिल गेट्सला हसणारी गाणी म्हणूनच आता शिळी वाटतात. कार्पचा परवाना अजून ताजा आहे, कारण तो व्यक्तीला न हसता व्यवहाराला हसतो.

नव्या शाहिराने चाल खुशाल उसनी घ्यावी, डोक्यावर तसे लिहावे आणि दुसऱ्या कडव्यात गेट्स यांचा तो १९७६ चा सवाल प्रामाणिकपणे मांडावा. त्याला तिसऱ्या कडव्यात जबाब देता आला, तर फड जिंकलाच. नाही आला, तरी श्रोत्यांना घरी नेण्यासारखा एक खरा प्रश्न मिळेल.