सत्तर अक्षरांच्या पलीकडे

'बाबा, दादर स्टेशनवर पोहोचले. पुढच्या लोकलने ठाण्याला येते. जेवायला थांबा.'

कुठलीही मुलगी कुठल्याही संध्याकाळी पाठवेल असा हा मेसेज. तीन वाक्यं, तिन्ही आटोपशीर. पण एसएमएसच्या हिशेबाने तो जरा जास्तच झालाय. युनिकोडमध्ये व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारा हलंत, सगळ्यांची मोजदाद वेगवेगळी होते. 'स्टेशनवर'मधला 'स्टे' डोळ्यांना एकच अक्षर दिसतो. हिशेबात तो चार चिन्हं खातो : स, हलंत, ट आणि मात्रा. असं मोजत गेलं की हा मेसेज ७३ चिन्हांचा भरतो. देवनागरी एसएमएसची मर्यादा ७०. ती ओलांडली की मेसेजचे तुकडे पडतात आणि जोडणीची खूण प्रत्येक तुकड्यात घालावी लागत असल्याने एकात ६७ चिन्हंच मावतात. म्हणजे पहिला तुकडा 'जेवायला'पुढच्या मोकळ्या जागेपाशी संपतो आणि दुसऱ्यात उरतो एकटा शब्द : 'थांबा.' पैसे दोन एसएमएसचे. फोन एरवी हे तुकडे जोडूनच दाखवतो. पण जुन्या हँडसेटवर जोडणी फसली की नुसतं 'थांबा' वाचून बाबांनी काय समजायचं?

हाच मजकूर इंग्रजी लिपीत लिहिला तर ऐंशीच्या आसपास अक्षरं होतात आणि तिथली मर्यादा १६० आहे. एका एसएमएसच्या अर्ध्या जागेत सगळा निरोप बसतो. मराठी माणसाने बरीच वर्षं मराठी इंग्रजी लिपीत टाइप केली, त्यामागे कीपॅडची अडचण होतीच. पण हा हिशेबही होता.

१६० हा आकडा आला कुठून? जर्मनीतल्या बॉन शहरात १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप करून त्यांची लांबी मोजत होते. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत बसत होती, तेवढं पुरे असं त्यांनी ठरवलं. मोबाइल जाळ्याच्या संकेत-वाहिनीत मोकळी जागा होती १४० बाइटची. सात बिटांचं एक इंग्रजी अक्षर धरलं तर तीत १६० अक्षरं बसतात. सोळा बिटांचं देवनागरी चिन्ह धरलं तर ७०. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला. पुढची दोन दशकं जगाने याच मापात बोलून घेतलं. आपल्याकडे तर दिवाळीला आणि नववर्षाला एसएमएस पॅक लागू नसे. शुभेच्छांचा प्रत्येक शब्द पूर्ण दराने मोजावा लागे.

हे सगळं लक्षात ठेवून आरसीएसकडे पाहिलं की त्याची खरी चव कळते. आरसीएस म्हणजे रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस. फोनमधल्या साध्या मेसेजच्या अॅपनेच इंटरनेटवरून मेसेज न्यावा, एवढीच त्यामागची कल्पना. मुलीचे ते ७३ चिन्हांचे शब्द आता अखंड जातात. सत्तरचा हिशेबच उरत नाही. जोडाक्षर लिहिताना हात आखडायला नको, 'ज्ञानेश्वरी' लिहिलं म्हणून दंड नाही. देवनागरीला इंग्रजी लिपीच्या बरोबरीने बसवणारी ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. मराठी वाचकाने मात्र तिला पहिली दाद द्यावी.

आता पडद्यावरचे बारकावे. गूगल मेसेजेस उघडा आणि टाइप करायच्या रिकाम्या चौकटीतली फिकट अक्षरं वाचा. समोरच्याकडे आरसीएस असेल तर तिथे 'आरसीएस मेसेज' असं दिसतं, नसेल तर साधा 'टेक्स्ट मेसेज'. तुम्ही एक अक्षरही लिहिण्याआधी फोनने पलीकडच्या नंबरची चौकशी करून ठेवलेली असते. मेसेज गेल्यावर त्याच्या खाली बारीक गोल येतो. एक गोल म्हणजे गेला, दोन गोल म्हणजे पोहोचला, दोन्ही भरीव झाले म्हणजे वाचला. समोरचा टाइप करत असेल तर ठिपके हलताना दिसतात. एसएमएसमध्ये पाठवलेला शब्द अंधारात सोडल्यासारखा असे. तो पोहोचला का, उत्तर येणार का, काहीच कळायचं नाही. इथे दोघांमधली शांतताही वाचता येते. बाबांनी वाचलंय आणि उत्तर लिहितायत, एवढं मुलीला लोकलमध्ये चढण्याआधी कळतं. ही पाळत वाटत असेल तर दोन्ही खुणा सेटिंगमधून बंद करता येतात, आणि मला तीही सोय तितकीच सुसंस्कृत वाटते.

फोटोंचं तसंच. एमएमएसच्या जमान्यात लग्नातला फोटो काही केबीत दाबून जाई आणि नवरीचा चेहरा ठिपक्यांचा होई. आरसीएसवर १०० एमबीपर्यंतची फाइल जाते, त्यामुळे पैठणीच्या पदरावरचा मोरही नीट ओळखू येतो.

पण या रचनेतली सर्वांत सुंदर जागा वेगळीच आहे : तिला माघार घेता येते. समोरच्याचा डेटा बंद आहे, तो रेंजमध्ये नाही किंवा त्याच्याकडे आरसीएसच नाही, तर तोच मजकूर एसएमएस होऊन जाऊ शकतो. निरोप एसएमएसने गेला तर ठिपके, गोल, मोठे फोटो, सगळा डौल बाजूला राहतो. पण निरोप पोहोचतो. शिवाय कुणाला नवं खातं काढायला लागत नाही, नवं अॅप घालायला सांगावं लागत नाही. ओळख म्हणजे आपला मोबाइल नंबर, आणि चौकट तीच जुनी. कसलेला गायक साथीदाराची कुवत ओळखून आपली लय सांभाळतो, तसं काहीसं हे आहे.

इथवर यायला मात्र फार वेळ लागला. २००७ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन सुरुवात केली, पुढच्या वर्षी मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमएने हे काम हाती घेतलं. २०१२ मध्ये युरोपात 'जॉइन' या नावाने ते बाजारात आलं आणि फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक कंपनीचं आरसीएस थोडं वेगळं, म्हणून एकाचं दुसऱ्याला कळेना. तोवर व्हॉट्सअॅपने मैदान मारलं होतं. गूगलने २०१५ मध्ये जाइब मोबाइल ही कंपनी घेतली, नोव्हेंबर २०१६ मध्ये 'युनिव्हर्सल प्रोफाइल' हा सामाईक नियमसंच ठरला, आणि २०१९ पासून गूगलने मोबाइल कंपन्यांची वाट न पाहता स्वतःच सेवा द्यायला सुरुवात केली. अॅपल बरीच वर्षं अडून बसली होती. १६ सप्टेंबर २०२४ रोजी आलेल्या आयओएस १८ मध्ये तिनेही आरसीएस स्वीकारलं.

त्याचा अर्थ न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना चटकन कळेल. आयफोनवाल्या चुलत भावंडांच्या ग्रुपमध्ये एकाच्या हाती अँड्रॉइड असला की सगळा ग्रुप जुन्या एमएमएसवर घसरायचा. कुणी फोटोला अंगठा दिला की अँड्रॉइडवर अंगठ्याऐवजी 'लाइक्ड'ने सुरू होणारं अख्खं इंग्रजी वाक्य यायचं. आरसीएसने अंगठा पुन्हा अंगठा झाला. अँड्रॉइडवाल्याला पाठवलेल्या मेसेजचा बुडबुडा आयफोनवर हिरवाच राहिला, तो भाग वेगळा.

रसग्रहणात दोषही सांगावे लागतात. पहिला दोष कुलुपाचा. गूगल मेसेजेसमध्ये दोघांमधल्या संवादाला जून २०२१ पासून टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता मिळाली, आणि ती लागू असेल तर पाठवायच्या बटणावर छोटं कुलूप दिसतं. मात्र आयओएस १८ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातल्या आरसीएसला हे संरक्षण नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएने नियमसंचातच कूटबद्धतेची तरतूद केली आणि अॅपलने ती पुढे आणण्याचं जाहीर केलं. पण कागदावरचा नियम प्रत्येक फोनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून आधारचा फोटो किंवा बँकेचे तपशील पाठवण्याआधी कुलूप पाहायचं. कुलूप नसेल तर पाठवायचं नाही.

दुसरा दोष आपल्याच देशात ठळक दिसला. आरसीएसवर व्यावसायिकांना बोधचिन्ह, पडताळणीची खूण, सरकती चित्रं आणि तयार उत्तरांची बटणं मिळतात. तिकीट किंवा हप्त्याची सूचना यायला हे उत्तम. भारतात मात्र कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिरातींचा इतका मारा झाला की २०२२ च्या जूनमध्ये गूगलला इथल्या आरसीएस जाहिराती थांबवाव्या लागल्या. आईच्या मेसेजखाली कर्जाची रंगीत पाटी यावी, यासारखा रसभंग नाही. तिसरा दोष तत्त्वाचा : मानक सर्वांचं असलं तरी जगातला बराचसा कारभार गूगलच्या सर्व्हरवरून चालतो. सामाईक म्हणवणाऱ्या गोष्टीला हे शोभत नाही.

हे सगळं तोलूनही आरसीएस चालू करावं, असंच माझं मत आहे. रीत अवघड नाही. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस अद्ययावत करून तेच मुख्य मेसेज अॅप ठेवा. वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून मेसेजेस सेटिंग्जमध्ये जा, 'आरसीएस चॅट्स' उघडा आणि बटण चालू करा. नंबरची पडताळणी होऊन 'कनेक्टेड' दिसलं की काम झालं. अडलं तर सिम त्याच फोनमध्ये आहे ना, डेटा किंवा वायफाय चालू आहे ना, हे पाहा; थोडा वेळही द्या. मेसेज जात नसेल तेव्हा तो एसएमएसने आपोआप पाठवायचा की नाही, हेही तिथेच ठरवता येतं. एसएमएसला पैसे पडत असतील तर हे बटण विचार करून दाबा. आयफोनवर सेटिंग्ज, मग अॅप्स, मग मेसेजेस, आणि तिथे 'आरसीएस मेसेजिंग'. मात्र तुमच्या मोबाइल कंपनीने पाठिंबा दिलेला असेल तरच ते चालतं.

फोन बदलताना एक पथ्य पाळा. सिम काढण्याआधी जुन्या फोनवरचं आरसीएस बंद करा, नाहीतर लोकांचे मेसेज काही दिवस त्या रिकाम्या फोनची वाट पाहत राहतात. जुना फोन हाताशी नसेल तर गूगलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून ते बंद करता येतं. आणि अनोळखी व्यावसायिकाचा मेसेज आला तर न उघडता ब्लॉक करून स्पॅम म्हणून कळवा.

व्हॉट्सअॅप सोडा, असं मी म्हणणार नाही. सगळं गाव तिथे आहे. पण एका कंपनीच्या अॅपवाचून आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही, ही स्थिती चांगली नव्हे. नंबर आपला आहे, मेसेजचं अॅप फोनमध्ये आधीपासून आहे, आणि देवनागरीला आता सत्तरची अट नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे बटण चालू करून द्या, कुलूप कुठे दिसतं ते त्यांना दाखवा, आणि पहिला मेसेज मराठीत, देवनागरीतच पाठवा.